वेदनाशामक गोळीचे व्यसन कुणाला आणि का लागते? ओपिऑइड, मन आणि घरची परिस्थिती

"डॉक्टर, आमच्या घरात कुणी सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. मग यालाच कसं लागलं?"

गोळ्यांच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या व्यसनात अडकलेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागे दोन समजुती असतात. एक, व्यसन वाईट संगतीच्या माणसालाच लागते. दोन, मनाचा निग्रह असला की ते सुटते. दोन्ही समजुती अर्धवट आहेत आणि त्यांच्यामुळे उपचाराला उशीर होतो. व्यसनात औषधाचा वाटा असतोच. पण ते औषध माणसाच्या आयुष्यात कोणत्या वेळी आणि कोणत्या परिस्थितीत आले, यालाही मोठे महत्त्व असते. या लेखात ते समजून घेऊ. शेवटी घरच्यांनी काय करावे आणि काय टाळावे हेही दिले आहे.

ओपिऑइड म्हणजे नेमके काय?

अफूपासून मिळणाऱ्या, तसेच अफूसारखाच परिणाम करणाऱ्या कृत्रिम औषधांना ओपिऑइड म्हणतात. आपल्याकडे ती साधारण या रूपांत दिसतात:

- अफू आणि अफूची बोंडे (डोडा)
- हेरॉइन, म्हणजेच ब्राउन शुगर किंवा गर्द
- कोडीन असलेली खोकल्याची औषधे
- ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या
- मॉर्फिन, पेंटाझोसीन, फेंटानिल ही प्रामुख्याने रुग्णालयात वापरली जाणारी औषधे

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही ओपिऑइड नाहीत. त्यांची तलफ लागत नाही. मात्र ती मनाने रोज घेतल्यास मूत्रपिंड, जठर किंवा यकृत बिघडू शकते. गोंधळ होतो तो मिश्र गोळ्यांमुळे. पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी दिसायला साध्या "अंगदुखीच्या गोळी"सारखीच असते. म्हणून पाकिटावरचे घटक वाचा किंवा डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक खुलासा. २०२५ मध्ये तुळजापूरच्या एमडी प्रकरणानंतर आपल्या जिल्ह्यात अमली पदार्थांविषयी खूप बोलले गेले. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे, ओपिऑइड नव्हे. त्याची लक्षणे आणि उपचार वेगळे आहेत. पण माणूस त्याकडे का वळतो, याची कारणे बरीचशी सारखीच असतात.

हा प्रश्न किती मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २ टक्के भारतीय ओपिऑइडचा वापर करत होते आणि सुमारे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती. ज्या मोजक्या राज्यांत देशातील निम्म्याहून अधिक असे रुग्ण आढळले, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. गोळ्या आणि औषधे यांच्या रूपात ओपिऑइड घेणाऱ्यांचे प्रमाण जवळपास १ टक्का होते. म्हणजे हा विषय फक्त पंजाबचा किंवा मोठ्या शहरांचा नाही.

शरीरात काय घडते?

आपला मेंदू स्वतःच काही वेदनाशामक रसायने तयार करतो. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. ओपिऑइड औषध याच रसायनांच्या जागी जाऊन बसते. वेदना कमी होते, आणि त्याबरोबर काळजी, भीती, एकटेपणाची बोच हेही काही तास बोथट होते. हा दुसरा परिणाम नीट लक्षात ठेवा, कारण व्यसनाची वाट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

रोज घेतल्यास शरीर सरावते. पूर्वी एका गोळीत जे होत होते, त्याला आता तीन लागतात. गोळी चुकली की अंग मोडून येते, जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, काटा येतो, जुलाब-उलट्या होतात, झोप उडते. व्यसनी मंडळी याला "टर्की" म्हणतात. हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि आठवडा-दहा दिवसांत बराच ओसरतो.

इथे एक फरक समजून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन दिले जाते, तेव्हा त्याच्याही शरीराला त्याची सवय होते. पण ती सवय म्हणजे व्यसन नव्हे. नुकसान दिसत असूनही औषधामागे धावणे, त्यासाठी खोटे बोलणे, काम आणि माणसे दूर सारणे, याला व्यसन म्हणतात. त्यामुळे व्यसनाच्या भीतीने कर्करोगाच्या रुग्णाचे औषध बंद करू नका.

तेच औषध, पण परिणाम वेगळा का?

शस्त्रक्रियेनंतर हजारो रुग्णांना ओपिऑइड दिले जाते. बहुतेक जण बरे होऊन घरी जातात आणि ते औषध विसरून जातात. काही जण मात्र अडकतात. यात आनुवंशिकतेचा भाग आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही.

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे हेरॉइन स्वस्त आणि सहज मिळत होते. साधारण पाचपैकी एक सैनिक तिथे असताना व्यसनी झाला होता. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने पाठपुरावा केला. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनी सैनिकांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनी झाले. औषध तेच होते, शरीरेही तीच होती. बदलली होती ती परिस्थिती. मृत्यूची भीती, घरापासूनचे अंतर, रिकामे तास आणि हाताशी असलेले हेरॉइन हे सारे मागे राहिले होते.

याचा अर्थ घर बदलले की व्यसन आपोआप सुटते असा नाही. अर्थ एवढाच, की माणसाची परिस्थिती न बघता केवळ औषध बंद केले तर उपचार अर्धाच होतो.

कोणत्या परिस्थितीत धोका वाढतो?

१. विश्रांती न परवडणारे काम. आपल्या धाराशिव-बीड भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एखादा दिवस आजारपणात गेला तर तो खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. अशा वेळी कंबर धरली तरी झोपून राहता येत नाही, गोळी घेऊन फडात उतरावे लागते. या गोळ्या बहुधा साध्या वेदनाशामक असतात. पण त्यांनी भागेनासे झाले आणि कुणी "जरा स्ट्राँग" गोळी हातावर ठेवली, तर धोका सुरू होतो. हमाल, बांधकाम मजूर, आणि आपल्या गावावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर रात्रंदिवस गाडी चालवणारे ट्रकचालक यांनाही हेच लागू आहे. यांच्यापैकी बहुतेकांच्या गोळीमागे चैन नसते. दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहण्याची ती सोय असते.

मजुरीच्या थकव्यावर अफूचा उतारा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफू असलेली "बाळगोळी" देत, कारण पाळीभर मूल सांभाळायला घरी कुणी नसे. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळणाघर नव्हते, म्हणून गोळी होती.

२. निराशा, चिंता, झोप न लागणे. नैराश्य दर वेळी रडण्यातून दिसत नाही. गावाकडचा माणूस "मन उदास आहे" म्हणत नाही. तो "अंग जड पडलंय, डोकं गच्च झालंय, हातापायांत वात भरलाय" असे सांगतो. मग त्याला अंगदुखीची गोळी मिळते. ती ओपिऑइड असेल तर मनाचे दुखणेही तेवढ्यापुरते शमते. त्याला वाटते, आपल्याला हीच गोळी लागू पडते. खरा आजार तसाच राहतो आणि वर गोळीची सवय लागते.

३. कर्ज आणि हतबलता. सोयाबीन काढणीला आले की पाऊस, भाव पडलेला, सोसायटी आणि सावकार दोन्हीकडे देणे, मुलीचे लग्न तोंडावर. समोर वाट दिसत नसते, तेव्हा चार तासांची सुटकाही मोठी वाटते.

४. लहानपणचे आघात. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील दारू, आई किंवा वडिलांचा अकाली मृत्यू हे अनुभव शरीराच्या ताण सोसण्याच्या यंत्रणेवर दीर्घ परिणाम करतात. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे पाच किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या समस्या ७ ते १० पट जास्त आढळल्या. असे बालपण गेलेला प्रत्येक जण व्यसनी होतो असे अजिबात नाही. पण त्याला आधाराची गरज जास्त असते.

५. एकटेपणा आणि स्थलांतर. पुण्या-मुंबईला कंपनीत कंत्राटी कामावर गेलेला मुलगा, एका खोलीत सहा जण, तरी बोलायला कुणी नाही. स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष, घरी काय सांगायचे हा प्रश्न. अशा वेळी जो गट "आपला" म्हणतो, त्याच्या सवयी पटकन आपल्या होतात.

६. सहज उपलब्धता. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ट्रामाडॉल, कोडीन ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषध दुकानदाराला त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही कुठे ना कुठे ती मिळतात. वरची पाचही कारणे असली, तरी औषध हाताशी नसेल तर हे व्यसन लागत नाही.

गर्दच्या साथीने काय शिकवले?

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा झपाट्याने प्रसार झाला. झोपडपट्टीतली मुले, कॉलेजची मुले, सुशिक्षित घरांतली मुले, सगळेच त्यात सापडले. १९८२च्या संपानंतर गिरणगावातील असंख्य घरांची कमाई थांबली होती. संपामुळे गर्द आले असे म्हणता येणार नाही, पण बेकार आणि दिशाहीन तरुण त्याच्या वाटेत सर्वांत आधी उभे होते. अनिल अवचट यांनी या मुलांविषयी लिहिले. त्यांच्या पत्नी, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात "मुक्तांगण" सुरू केले. तिथे औषधांबरोबर दिनक्रम, गटात मोकळेपणाने बोलणे, घरच्यांचे समुपदेशन आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा यांवर भर दिला गेला. विषारी पदार्थ शरीराबाहेर काढणे हा उपचाराचा छोटा भाग आहे, आणि त्या माणसाचे आयुष्य पुन्हा उभे करणे हा मोठा भाग आहे, हे महाराष्ट्राने तिथे पाहिले.

त्याच काळाने मराठीला एक वाईट शब्दही दिला, "गर्दुल्ला". हा शब्द चिकटला की माणसाचे नाव, शिक्षण, नाते सगळे पुसले जाते. त्याला काम मिळत नाही, लग्नकार्यात बोलावणे येत नाही. मग त्याला स्वीकारणारी एकच जागा उरते, ती म्हणजे त्याच्यासारख्यांचा अड्डा. अशा रीतीने परिस्थितीतून आलेले व्यसन परिस्थिती आणखी बिघडवते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, आणि बहुतेक वेळा ते घरातूनच तोडता येते.

स्त्रियांमध्ये हे का दिसत नाही?

कारण ते लपवले जाते. बाळंतपणानंतरची कंबरदुखी, गर्भाशय काढल्यानंतरची पोटदुखी, सततची डोकेदुखी यांसाठी सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. अड्डा नाही, गोंधळ नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. घरात कुणी बाई "ती गोळी मिळाली नाही तर मला उठताच येत नाही" म्हणत असेल, तर तिला हसण्यावारी नेऊ नका. ती गरोदर असेल तर अशी गोळी अचानक बंद करू नका. त्याने बाळाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा.

घरच्यांनी कोणत्या खुणा ओळखाव्यात?

- दुखणे बरे झाले तरी गोळी चालू राहणे, संख्या वाढत जाणे
- वेगवेगळ्या डॉक्टरांकडून किंवा दुकानांतून तेच औषध आणणे
- दिवसा पेंगणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसणे, सततचा बद्धकोष्ठ
- औषध न मिळाल्यास चिडचिड, जांभया, अंगदुखी, नाक गळणे
- पैसे, दागिने, धान्य नाहीसे होणे
- उशीखाली, गाडीच्या डिकीत रिकामी पाकिटे किंवा बाटल्या

घरच्यांनी काय करावे?

बोलण्याची वेळ निवडा. नशेत असताना किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका. सकाळी, शांतपणे, एकाच विश्वासू माणसाने बोलावे. "तू असा का वागतोस" यापेक्षा "तुला कशाचा त्रास होतोय" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. उत्तर पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही.

पैशाची शिस्त ठेवा. हातात रोख देऊ नका, त्याची उसनवारी गुपचूप फेडू नका. पण जेवण, अंथरूण आणि बोलणे तोडू नका. औषधाला मदत करणे आणि माणसाला मदत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बांधून ठेवू नका. खोलीत कोंडणे, साखळीने बांधणे हा उपचार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजाराच्या रुग्णाला साखळदंडात ठेवण्यास मनाई आहे, आणि दारू किंवा अमली पदार्थांमुळे होणारे विकार त्या कायद्यात येतात.

माळ आणि शपथ. आपल्याकडे बरेच जण येडेश्वरीसमोर शपथ घेतात किंवा पंढरीची माळ घालतात. श्रद्धा, भजनाची संगत आणि गावाने पाहिलेला शब्द यांचा खरा आधार मिळतो. तो जरूर घ्या. मात्र शपथेच्या जोडीला डॉक्टरही हवा. कारण टर्कीचा त्रास सहन न होऊन माळ काढून ठेवावी लागली, तर माणूस स्वतःला कायमचा पापी समजू लागतो आणि पुन्हा प्रयत्नच करत नाही.

उपचार कसे असतात?

१. त्रास कमी करून औषध सोडवणे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरजेनुसार दाखल करून.

२. दीर्घकालीन औषधे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन नियमित मात्रेत दिल्यास तलफ कमी होते आणि माणूस कामाला लागू शकतो. "एक नशा सोडून दुसरी" असे याला म्हणतात, पण ते बरोबर नाही. या औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण कमी होते. ती अनेक महिने, कधी वर्षेही घ्यावी लागतात. पूर्णपणे सोडलेल्या काहींना नाल्ट्रेक्सोन देतात.

३. मनाचे आजार शोधून त्यांचा उपचार. नैराश्य, चिंता, जुने आघात.

४. जुनाट दुखण्याचा वेगळा इलाज. फिजिओथेरपी, योग्य व्यायाम, दुसरी औषधे. दुखणे तसेच राहिले तर गोळी परत येते.

५. परिस्थितीची दुरुस्ती. कामाचा प्रकार बदलणे, कर्जाबाबत सल्ला, रिकाम्या संध्याकाळी काय करायचे हे ठरवणे, नार्कोटिक्स ॲनॉनिमससारखे मदतगट.

सर्वांत धोक्याचा काळ कोणता?

हे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा शपथ पाळून काही आठवडे औषध सुटले की शरीराचा सराव उतरतो. अशा वेळी माणसाने घसरून एकदाच, पण जुन्या मात्रेत औषध घेतले, तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून "आता बरा झाला" म्हणून लगेच लक्ष काढून घेऊ नका. आणि घसरलाच, तर त्याने ते तुम्हाला सांगावे इतका विश्वास शिल्लक ठेवा. शिव्यांच्या भीतीने तो एकटा, दार लावून औषध घेईल, तर वाचवायला जवळ कुणी नसेल.

तातडीची लक्षणे: हाक मारून, हलवूनही न उठणे, श्वास अतिशय मंद किंवा घरघर लागणे, ओठ निळसर पडणे, बाहुल्या बारीक होणे. लगेच १०८ ला फोन करा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात पाणी, कांदा, लिंबू काहीही घालू नका. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा, रिकामे पाकीट सोबत न्या. नालोक्झोन हे इंजेक्शन वेळेत मिळाल्यास जीव वाचतो. ट्रामाडॉल जास्त झाल्यास झटकेही येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोलिसांत प्रकरण जाईल का? डॉक्टरांकडे उपचाराला गेल्याने गुन्हा दाखल होत नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये संरक्षणाची तरतूद आहे.

लग्न लावून दिले तर सुधारेल का? नाही. जबाबदारीचा ताण वाढतो आणि एका मुलीचे आयुष्य पणाला लागते. आधी उपचार, मग लग्न.

पुन्हा घेतले म्हणजे सगळे वाया गेले का? नाही. मधुमेहात साखर पुन्हा वाढली की आपण औषध तपासतो, रुग्णाला घराबाहेर काढत नाही. इथेही तसेच. काय घडल्यामुळे घसरला हे शोधून उपचार पुन्हा सुरू करा.

मदत कुठे मिळेल?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर मानसोपचार सेवा दिली जाते. फोनवर मोफत बोलायचे असल्यास टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकांवर संपर्क साधा. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी सोबत न्या. एक, घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे. दुसरी, गोळी सुरू झाली त्या सुमारास घरात आणि कामावर काय चालले होते याची माहिती. ती सांगायला संकोच वाटला तरी सांगा. उपचार कुठून सुरू करायचा हे बहुतेक वेळा त्या माहितीतूनच ठरते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही ओपिऑइड औषध स्वतःच्या मनाने सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.)